वेबसाइट दुसऱ्या होस्टिंगवर न्यायची? आधी नाव कुणाच्या ताब्यात आहे ते बघा

वेबसाइट बंद पडली की पहिला फोन जातो तो साइट बनवून देणाऱ्या पोराला. आणि नेमका तोच नंबर लागत नाही. पोरगं पुण्याला नोकरीला गेलेलं असतं, नाहीतर 'साहेब, मी ते काम आता सोडलं' असं उत्तर येतं. तोवर संस्थेच्या साइटच्या जागी भलत्याच जाहिराती दिसायला लागलेल्या असतात.

गेल्या काही वर्षांत गावोगाव साइट झाल्या. २०२० मध्ये केंद्र सरकारने १०,००० शेतकरी उत्पादक कंपन्या उभ्या करण्याची योजना आणली. अशा कंपन्यांपैकी काहींनी लेटरहेडबरोबर वेबसाइटही करून घेतली. पतसंस्था, शाळा, रोपवाटिका, कृषी पर्यटन केंद्रं, बेदाणा-गूळ विकणारे, सगळेच त्यात आले. पहिल्या वर्षी ऑफरमध्ये मिळालेलं होस्टिंग नूतनीकरणाला दुप्पट-तिप्पट होतं, वर १८ टक्के जीएसटी. साइट उघडायला वेळ लागतो, तक्रार केली तर इंग्रजीत दोन ओळींचं उत्तर येतं. मग मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतं, दुसरीकडे नेऊन टाका.

नेता येते. एकदा पद्धत समजली की साधी साइट एका दिवसात हलते, आणि बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही. बिघडतं ते घाईनं आणि कागद कुणाकडे आहेत हे माहीत नसल्यानं.

नाव वेगळं, जागा वेगळी

साइटचं नाव म्हणजे डोमेन. शेवटी डॉट कॉम, डॉट इन असं काहीतरी असतं ते. साइटची जागा म्हणजे होस्टिंग, म्हणजे कुठल्यातरी शहरात चोवीस तास चालू असलेल्या कॉम्प्युटरवर भाड्याने घेतलेला कोपरा. मजकूर, फोटो, दरपत्रक तिथे ठेवलेलं असतं. ही दोन्ही दोन वेगळ्या कंपन्यांकडे असू शकतात आणि त्यांची बिलंही वेगळी येतात. बाजारपेठेत गाळा बदलला तरी दुकानाचं नाव तेच राहतं, तसंच हे. गिऱ्हाइकाला फक्त नवा गाळा कुठला हे कळलं पाहिजे. ते सांगायचं काम डीएनएस नावाची यंत्रणा करते. फोनवर नाव टाकलं की कोणत्या नंबरच्या कॉम्प्युटरकडे जायचं ते ती सांगते.

म्हणजे होस्टिंग बदलायचं तर डोमेन हलवायची गरज नाही. फक्त त्यातला नंबर बदलायचा. हे माहीत नसल्यामुळे बरेच जण डोमेन आणि होस्टिंग एकाच दिवशी हलवायला जातात आणि बिघडलं तर नेमकं कशामुळे ते कुणालाच सांगता येत नाही. एका वेळी एकच गोष्ट हलवावी.

पैसे संस्थेचे, ताबा दुसऱ्याचा

सगळ्यात मोठी भानगड इथे आहे. डोमेन घेताना खातं ज्याने उघडलं, ज्याचा ई-मेल आणि मोबाइल नंबर दिला, ताबा त्याचा. पैसे संस्थेने दिलेले असतात, पावती दप्तरात असते, पण खातं साइट बनवणाऱ्याच्या खासगी जीमेलवर असतं. जमिनीचे पैसे एकाने मोजावेत आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं लागावं, असा हा प्रकार. बहुतेक वेळा यात लबाडी नसते. एकाच खात्यातून पन्नास गिऱ्हाइकांची डोमेन सांभाळणं त्याला सोपं जातं, इतकंच. पण त्याने धंदा बंद केला, पैशावरून वाजलं, किंवा माणूसच गेला, तर संस्थेच्या हातात फक्त पावती उरते. नवीन होस्टिंग कितीही चांगलं घेतलं तरी नाव तिकडे वळवता येत नाही.

तपासणी मोबाइलवर होते. डॉट कॉम, डॉट ओआरजी अशा नावांसाठी आयकॅन या जागतिक संस्थेच्या साइटवर शोध घेता येतो. डॉट इन नावांचा कारभार नॅशनल इंटरनेट एक्सचेंज ऑफ इंडिया, म्हणजे निक्सी, बघते. तिच्या रजिस्ट्रीच्या साइटवर 'हूइज' शोध आहे. मालकाचं नाव बऱ्याचदा झाकलेलं असतं. तरी डोमेन कोणत्या कंपनीकडे नोंदवलंय, मुदत कधी संपते आणि नेमसर्व्हर कोणाचे आहेत, एवढं कळतं. त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा.

साइट बनवणारा भेटत असेल तर गोडीत सांगावं की डोमेन संस्थेच्या खात्यात टाक. कंपनी तीच ठेवली तर एका खात्यातून दुसऱ्या खात्यात ते चटकन जातं. कंपनीही बदलायची असेल तर त्याच्याकडून ट्रान्सफरचं लॉक काढून घ्यावं लागतं आणि एक गुप्त कोड घ्यावा लागतो. डॉट कॉमला हे व्हायला साधारण पाच दिवस लागतात. नाव नवीन घेतल्यापासून किंवा मागच्या वेळी हलवल्यापासून ६० दिवस झाले नसतील तर थांबावं लागतं. संस्थेच्या खात्याला ई-मेल मात्र त्याच डोमेनवरचा देऊ नये. डोमेनच बंद पडलं तर पासवर्ड बदलायचा मेल कुठे येणार? संस्थेच्या नावाने एक वेगळं जीमेल काढावं आणि त्याचा पासवर्ड निदान दोन पदाधिकाऱ्यांकडे असावा.

साइट बनवणारा अडून बसला तर डॉट इन नावांसाठी निक्सीकडे लवादाची सोय आहे. पण तिथे त्या नावावर आपला हक्क आहे, समोरच्याचा नाही आणि त्याने वाईट हेतूने ते धरून ठेवलंय, हे दाखवावं लागतं. खर्च आणि वेळ दोन्ही जातात. त्यापेक्षा संबंध चांगले असतानाच नावाचं काम उरकलेलं बरं.

मुदत संपण्याचंही बघावं. डॉट कॉमची मुदत संपली की नाव लगेच जात नाही. नोंदणी करणारी कंपनी ४५ दिवसांपर्यंत सवलत देऊ शकते, पण देईलच असं नाही. काही कंपन्या त्याआधीच नाव लिलावात काढतात. नाव रद्द झालं की पुढचे ३० दिवस दंड भरून परत घेता येतं. त्यानंतर पाच दिवसांनी ते कुणालाही मोकळं होतं. कार्डावर 'ऑटो रिन्यू' चालू आहे म्हणून निर्धास्त राहू नये. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांचे नियम कडक केले. तशी नोंद बँकेकडे नसेल तर पैसे कापलेच जात नाहीत. आणि 'डोमेन संपतंय, लगेच पैसे भरा' असा मेल आला तर आपली नोंदणी ज्या कंपनीकडे आहे तिच्याकडूनच आलाय का, ते आधी बघावं. असे मेल पाठवून पैसे उकळणारेही आहेत.

हलवायची खरंच गरज आहे का

साइट सावकाश उघडते म्हणून होस्टिंगला शिव्या घालणारे बरेच. पण पहिल्याच पानावर मोबाइलमधून काढलेले पाच-पाच एमबीचे वीस फोटो टाकले असतील तर जगातलं कुठलंही होस्टिंग ती साइट पळवू शकणार नाही. आधी फोटो लहान करून बघावेत. नुसता पत्ता आणि फोन नंबर दाखवणारी एका पानाची साइट असेल तर महागडं होस्टिंग लागतंच कशाला, हेही विचारून घ्यावं. मात्र साइट सारखी बंद पडत असेल, बिल परवडत नसेल, किंवा कंपनी फोनच उचलत नसेल, तर हलवलेली बरी.

पाटी पूजायच्या आधी सामान मोजा

उदाहरणासाठी डाळिंब उत्पादकांची एक कंपनी धरू. साइट वर्डप्रेसवर आहे. त्यावर सभासदांच्या नोटिसा आहेत, व्यापाऱ्यांसाठी चौकशीचा फॉर्म आहे आणि कंपनीच्या नावाचे पाच ई-मेल आहेत.

वर्डप्रेस साइटचे दोन भाग असतात. एक म्हणजे फाइली. फोटो, पीडीएफ, साइटची रचना हे सगळं त्यात आलं. दुसरा डेटाबेस, ज्यात लिहिलेला मजकूर, नोटिसा, फॉर्ममध्ये आलेल्या चौकशा असतात. नुसत्या फाइली उचलून नेल्या तर नवीन घरी कपाटं पोचतात आणि आतलं सामान मागेच राहतं. दोन्हींची प्रत काढावी लागते. त्यासाठी अपड्राफ्टप्लस, डुप्लिकेटर अशी प्लगिन आहेत. बऱ्याच होस्टिंग कंपन्या नवीन गिऱ्हाइकाची साइट फुकटात हलवूनही देतात. त्यांना पासवर्ड द्यावा लागतो. काम झाल्यावर तो त्याच दिवशी बदलावा.

काढलेली प्रत जुन्या होस्टिंगवरच ठेवून भागत नाही. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरात ओव्हीएच या मोठ्या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. पाच मजली इमारत जळून गेली. जीवितहानी झाली नाही, पण लाखो साइट बंद पडल्या. ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता त्यांचा तोही गेला. पुढे काहींनी कोर्टात जाऊन भरपाई मिळवली, पण गेलेला डेटा कोर्टाला परत देता येत नाही. मोठ्यांचंही हलवताना चुकतं. मायस्पेस या अमेरिकेतल्या एकेकाळच्या गाजलेल्या साइटने सर्व्हर बदलताना लोकांनी बारा वर्षांत टाकलेली गाणी घालवली. २०१९ मध्ये ते उघड झालं. एक प्रत पेन ड्राइव्हवर, एक गुगल ड्राइव्हवर, आणि हलवाहलवीला हात लावायच्या आधी.

जुनी साइट चालू ठेवूनच नव्या जागी सगळं मांडायचं. नवीन होस्टिंग एक तात्पुरता पत्ता देतं, त्यावर साइट उघडून बघता येते. नव्या घरावर पत्रे पडायच्या आधी जुनं घर कुणी पाडत नाही, पण वेबसाइटच्या बाबतीत हे रोज घडतं. बिल वाचवायच्या नादात जुनं होस्टिंग आधी बंद करतात आणि डेटा पुसला जातो.

तात्पुरत्या पत्त्यावर प्रत्येक पान उघडून बघावं. फोटो दिसतात का, जुन्या नोटिसांच्या पीडीएफ उघडतात का, चौकशीचा फॉर्म भरला तर मेल येतो का. फॉर्मचं तपासायला लोक हमखास विसरतात. साइट छान दिसत असते आणि व्यापाऱ्यांच्या चौकशा कुठेच पोचत नसतात.

मराठी अक्षरांचं प्रकरण

हे इंग्रजी माहितीत फारसं सापडत नाही, आणि मराठी साइटला सगळ्यात जास्त त्रास याचाच होतो. साइट नव्या जागी उघडली की सगळा मराठी मजकूर प्रश्नचिन्हांचा झालेला दिसतो, नाहीतर न वाचता येणाऱ्या चित्रविचित्र अक्षरांचा. कारण डेटाबेसला अक्षरं कोणत्या पद्धतीने लिहिलीत हे सांगावं लागतं. जुन्या साइटींचे डेटाबेस बऱ्याचदा इंग्रजीपुरत्या 'लॅटिन-१' पद्धतीवर केलेले असतात. मराठीला 'यूटीएफ-८' लागते, आणि आता 'यूटीएफ-८ एमबी-४' ही तिची पुढची पद्धत वापरतात. वर्डप्रेसने ती २०१५ मध्ये घेतली. एका पद्धतीत लिहिलेलं दुसऱ्या पद्धतीत वाचायला गेलं की अक्षरांची खिचडी होते.

चित्रविचित्र अक्षरं दिसली तर घाबरू नये. मजकूर बहुतेक वेळा शाबूत असतो, वाचण्याची पद्धत चुकलेली असते आणि जाणकार ती दुरुस्त करतो. पण मजकूर खरोखरच प्रश्नचिन्हं होऊन साठवला गेला असेल तर तो गेला. मूळ प्रतीवरूनच पुन्हा आणावा लागतो. म्हणून ती पेन ड्राइव्हवरची प्रत.

दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या साइटींची गोष्ट आणखी वेगळी. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये त्या टाइप केलेल्या असतात. तिथे साठवलेली अक्षरं मुळात मराठी नसतातच, फॉन्ट त्यांना मराठी दाखवतो. फॉन्टची फाइल मागे राहिली की सगळं इंग्रजी अक्षरांचं कडबोळं दिसतं. अशी साइट हलवतानाच मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. तो मोबाइलवरही दिसेल आणि गुगलवर मराठीत शोधला तर सापडेलही.

ज्यांनी देवनागरीतलं डॉट भारत नाव घेतलंय (ही नावं २०१४ पासून मिळतात), त्यांनी एवढं लक्षात ठेवावं की नव्या होस्टिंगवर ते नाव मराठीत टाकून बऱ्याचदा चालत नाही. 'एक्सएन' आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणारं त्याचं इंग्रजी रूप टाकावं लागतं. ते नाव दिलेल्या कंपनीच्या खात्यात लिहिलेलं असतं.

पाटी फिरवायचा दिवस

सगळं तपासून झालं की मग डीएनएसमधला नंबर बदलायचा. इथे 'टीटीएल' नावाचा एक आकडा असतो. जुना नंबर लोकांच्या फोनपर्यंत पोचवणाऱ्या कंपन्यांनी किती वेळ लक्षात ठेवायचा, ते तो सांगतो. बऱ्याच ठिकाणी तो ८६,४०० सेकंद, म्हणजे पूर्ण एक दिवस असतो. हलवायच्या दोन दिवस आधी तो ३०० सेकंदांवर, म्हणजे पाच मिनिटांवर आणून ठेवला तर बदल पटकन पसरतो. नाहीतर अध्यक्षांच्या फोनवर नवी साइट, सचिवांच्या फोनवर जुनी, आणि दोघांचा वाद सुरू. दोघांची सिम वेगळ्या कंपन्यांची असतात, त्यामुळे असं होतं. एक-दोन दिवसांत सगळीकडे सारखं दिसतं. या काळात साइटवर नवीन काही टाकू नये. जुन्या जागी टाकलेली नोटीस नव्या जागी येत नाही.

ई-मेलचं काय? फक्त साइटचा नंबर बदलला, ज्याला 'ए रेकॉर्ड' म्हणतात, तर ई-मेल जिथे होते तिथेच येत राहतात. पण नवीन होस्टिंगवाले बऱ्याचदा 'आमचे नेमसर्व्हर टाका' म्हणतात. नेमसर्व्हर बदलले की जुन्या सगळ्या नोंदी मागे राहतात. त्यात ई-मेल कुठे न्यायचा हे सांगणारी 'एमएक्स' नोंदही गेली. ती नव्या जागी लिहिली नाही तर कंपनीच्या पत्त्यावरचे मेल येणं बंद होतं. आरडाओरडा होत नाही, कारण साइट तर व्यवस्थित दिसत असते. खरेदीदाराने पाठवलेली ऑर्डर, कंपनी निबंधकाच्या पोर्टलवर दिलेल्या मेलवर येणारी पत्रं, जीएसटीची सूचना, सगळं हवेत. दहा-पंधरा दिवसांनी कुणीतरी फोन करून विचारतं, मेलला उत्तर का नाही दिलं, तेव्हा कळतं. पाठवलेले मेल स्पॅममध्ये जाऊ नयेत म्हणून 'एसपीएफ' नावाची एक नोंद असते, ती राहिली तर आपले मेलही समोरच्याला दिसत नाहीत.

उपाय साधा आहे. नेमसर्व्हरला हात लावायच्या आधी डीएनएसच्या पानावरच्या सगळ्या नोंदींचे फोटो काढायचे आणि एकेक करून नव्या जागी लिहायच्या. ई-मेल जुन्या होस्टिंगवरच साठवलेले असतील तर तेही वेगळे उतरवून घ्यावे लागतात. साइटच्या प्रतीत ते येतीलच असं नाही.

पत्त्यापुढचं कुलूप, म्हणजे एसएसएल, नव्या जागी पुन्हा लावावं लागतं. लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र फुकट मिळतं आणि बहुतेक होस्टिंगवर एका बटणावर लागतं. ते नसेल तर २०१८ पासून क्रोम सरळ 'सुरक्षित नाही' असं दाखवतं. पतसंस्थेच्या साइटवर ते दिसलं तर ठेवीदार काय समजायचं ते समजतात.

दिवस कोणता निवडावा? मुहूर्त बघायची गरज नाही, पण शुक्रवारची संध्याकाळ टाळावी. काही अडलं तर शनिवार-रविवार मदत मिळणं अवघड जातं. पतसंस्थेने मार्चअखेर टाळावी, डाळिंबवाल्यांनी तोडणीचा हंगाम. मंगळवार-बुधवारची सकाळ बरी.

त्यानंतर जुनं होस्टिंग निदान महिनाभर तसंच ठेवावं. मागे राहिलेला मेल, विसरलेली पीडीएफ त्या महिन्यात सापडते. महिना झाला की जुन्या जागेची शेवटची प्रत काढावी, साइटवर जुन्या माणसांची लॉगिन असतील ती बंद करावीत आणि मगच जुन्या कंपनीला नकार कळवावा. तिथलं ऑटो रिन्यू बंद केलंय का तेही बघावं, नाहीतर वर्षाने पुन्हा पैसे कापले जातात.

शेवटचं काम सचिवांचं. डोमेन कोणत्या कंपनीकडे, होस्टिंग कोणत्या, दोन्हींच्या मुदतीच्या तारखा कोणत्या, आणि खात्याचा ई-मेल कोणाच्या ताब्यात आहे, एवढ्या चार ओळी मासिक सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्याव्यात. पासवर्ड तिथे लिहू नये, तो बंद पाकिटात कपाटात ठेवावा. पदाधिकारी बदलले की पाकीट नव्यांच्या हातात द्यायचं आणि त्याच दिवशी पासवर्ड बदलायचा.